विद्यापीठाच्या आवाराचा जमाखर्च

शेतकऱ्यास उपदेश करणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वाण नाहीं. माती धुपूं देऊं नये, पाणी बेतानें द्यावें, शेणाच्या गोवऱ्या न लावतां खत करावें, पालापाचोळा जाळूं नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि ती खरीहि आहे. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं आम्ही चार सभासदांसह एका शिक्षणसंस्थेंत खतांवरील व्याख्यानास गेलों होतों, तेव्हां एक गोष्ट मनास लागली. व्याख्यान उत्तम झालें. कंपोस्टाचा ढीग कसा रचावा, ओल किती ठेवावी, तो केव्हां परतावा, हें सर्व व्याख्यात्यांनीं नीट समजावून दिलें. परत येतांना आम्ही वसतिगृहाच्या मागील बाजूनें निघालों, तों तेथें उरलेलें अन्न, झाडांचा पाला व प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा एकच ढीग करून तो पेटवून दिलेला होता, आणि जवळच पाण्याची टांकी भरून वाहत होती. आमच्यांतील एक वृद्ध सभासद म्हणाले, "व्याख्यान इकडेच ठेवावयास हवें होतें."

त्यांचें बोलणें थट्टेचें होतें, पण त्यांत वर्म होतें. जी संस्था दुसऱ्यास काटकसर शिकविते, तिनें ती आपल्या अंगणांत करून दाखविली नाहीं, तर ती शिकवण कागदावरच राहते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं विद्यापीठांत शिकतात. ज्या धरणांवर व नद्यांवर आपलीं पिकें अवलंबून असतात, त्यांतूनच अनेक विद्यापीठांस पाणी मिळतें. आणि त्यांचें सांडपाणी ज्या ओढ्यांत जातें त्यांच्या खालच्या अंगास शेतकऱ्यांचीं शेतें असतात. तेव्हां विद्यापीठाच्या आवाराची व्यवस्था हा केवळ विद्यापीठाचा खासगी प्रश्न नव्हे. ती सुधारतां येते काय, येत असल्यास कशी व किती सायासानें, याचा विचार एका खऱ्या उदाहरणावरून करावा असें आम्हीं योजिलें आहे.

विद्यापीठ म्हणजे एक गांवच

मोठ्या विद्यापीठाचें आवार म्हणजे एक नांदतें गांवच होय. हजारों माणसांची वस्ती, भोजनगृहें, प्रयोगशाळा, बागा, रस्ते, दिवे, सर्व कांहीं तेथें असतें. शेतकी विद्यापीठ असेल तर गोठे व शेतेंहि असतात. रोज पाणी, धान्य, भाजीपाला, जळण व वीज आंत येते. आणि रोज सांडपाणी, उष्टें, शेण, पाला, कागद व धूर बाहेर जातो. मात्र गांवांत व विद्यापीठांत एक मोठा भेद आहे. शेतकऱ्याच्या घरीं मोटारपंप चालू राहिला तर त्याचें बिल त्यालाच भरावें लागतें. विद्यापीठांत नळ सोडणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि पाणी जेथून येतें तेथील शेतकरी तिसरा असतो. म्हणून नासाडी डोळ्यांसमोर असूनहि कोणासच खुपत नाहीं. हा दोष काढावयाचा तर पहिली गोष्ट म्हणजे आवक किती व जावक किती हें लिहून ठेवणें. दुसरी गोष्ट, जावक म्हणून जें टाकलें जातें त्यांतील किती पुन्हां आवकेंत आणतां येईल तें पाहणें. तिसरी, बाहेरून विकत आणावयाची वस्तु आपल्या जागेवरच निसर्गानें ठेविली आहे काय, याचा शोध घेणें. या तीन गोष्टी ज्यांनीं पुष्कळ अंशीं केल्या आहेत, त्यांत अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची गणना होते.

हें विद्यापीठ न्यूयॉर्क राज्यांत इथाका या गांवीं १८६५ सालीं स्थापन झालें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वयें शेतकी व यांत्रिक विद्या शिकविणाऱ्या संस्थांसाठीं राज्यांस जमिनी दिल्या. त्या देणगीचा लाभ ज्या संस्थांस झाला त्यांपैकीं हें एक आहे. संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांनीं टेकडीवरील आपलें शेतच विद्यापीठास दिलें, व आजचें आवार तेथेंच वाढलें आहे. टेकडीच्या पायथ्याशीं कायुगा नांवाचें सरोवर आहे. तें सुमारें ३८ मैल लांब असून त्याची सर्वांत अधिक खोली ४३५ फूट आहे. पुढील हकीकतींत या सरोवराचें काम मोठें आहे.

हिवाळ्याची थंडी उन्हाळ्यांत

इथाकाचा हिवाळा बर्फाचा असला तरी उन्हाळ्यांत प्रयोगशाळा, ग्रंथालयें व मोठ्या इमारती थंड ठेवाव्या लागतात. पूर्वीं हें काम विजेवर चालणारीं मोठालीं यंत्रें करीत. त्यांस वीज फार लागे. शिवाय त्यांत जी क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचीं द्रव्यें भरीत, तीं वातावरणांतील ओझोनच्या थरास अपाय करितात असें ठरून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें त्यांचा वापर बंद करण्याचें योजिलें गेलें. जुनीं यंत्रें अशा रीतीनें बदलावयास आलींच होतीं. तेव्हां तशींच नवीं यंत्रें विकत घेण्यापूर्वीं विद्यापीठाच्या स्थापत्यशास्त्रज्ञांनीं सरोवराकडे पाहिलें.

पाण्याचा एक गुण असा कीं, तें सुमारें ४ अंश सेंटिग्रेडवर सर्वांत जड असतें. हिवाळ्यांत सरोवराचें वरचें पाणी थंड होऊन ४ अंशांजवळ आलें कीं जड होऊन तळाशीं जातें. पुढें ऊन वाढलें म्हणजे वरचें पाणी तापतें, पण तापलेलें पाणी हलकें असल्यानें तें वरच राहतें, खालीं उतरत नाहीं. यामुळें भर उन्हाळ्यांतहि खोलवरचें पाणी ४ ते ५ अंशांइतकें थंड असतें. वैशाखांत खोल विहिरीचें पाणी गार लागतें हें आपण जाणतों. येथें तर साऱ्या हिवाळ्याची थंडी कणगींत धान्य भरावें तशी सरोवराच्या तळाशीं भरून ठेविलेली असते, आणि दर वर्षीं ती कणगी नव्यानें भरते.

विद्यापीठानें सरोवरांत सुमारें दोन मैल लांबीचा मोठा नळ टाकून तो २५० फूट खोलीपर्यंत नेला. तेथील थंड पाणी कांठावरील एका इमारतींत आणतात. त्या इमारतींत धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूनें सरोवराचें पाणी व दुसऱ्या बाजूनें विद्यापीठाकडून खेळत आलेलें पाणी वाहतें. दोन्ही पाण्यांची भेसळ होत नाहीं. फक्त विद्यापीठाच्या पाण्यांतील उष्णता सरोवराच्या पाण्यांत जाते. थंड झालेलें पाणी बंद नळानें पुन्हां टेकडीवर जातें व इमारतींतून फिरून परत येतें. सरोवराचें पाणी कांहींसें उबदार होऊन सरोवरांतच परत सोडतात.

आमचे वाचक येथें सहज विचारतील कीं, एवढ्या उंच टेकडीवर पाणी चढविण्यास वीज लागत नाहीं काय? याचें उत्तर रहाटावरून कळेल. रहाटाच्या माळेचा चढणारा भाग व उतरणारा भाग एकमेकांस तोलून धरतात, म्हणून बैलास माळेचें वजन ओढावें लागत नाहीं. ओझें होतें तें केवळ पाण्याचें. बंद नळांत तर चढणारें पाणी व उतरणारें पाणी हींच एकमेकांस तोलतात. मग पंपास काम उरतें तें फक्त नळांतील घर्षण जिंकण्याचें. सरोवराचें पाणी तर टेकडीवर चढवावें लागतच नाहीं.

ही व्यवस्था २००० सालीं सुरू झाली. तिच्यामुळें थंडाव्यासाठीं पूर्वीं लागणाऱ्या विजेपैकीं सुमारें ८६ टक्के वीज वांचूं लागली. खर्च मात्र थोडाथोडका नव्हता. तो सुमारें ५ कोटी ८५ लक्ष डॉलर झाला. केवळ पांच-दहा वर्षांचा हिशेब करणाऱ्यानें हा खर्च केला नसता. पण नळ पाऊणशें ते शंभर वर्षें टिकावेत अशी योजना होती, आणि विद्यापीठ ही संस्था त्याहून अधिक काळ टिकावयाची असते. आंब्याचें कलम लावणारा नातवाचा विचार करितो, तसाच हा व्यवहार होय.

शेजाऱ्यांची तक्रार

येथवरची हकीकत ऐकून ही योजना सर्वांस रुचली असेल असें वाटेल, पण तसें झालें नाहीं. सरोवराच्या कांठच्या अनेक रहिवाशांनीं तीस विरोध केला, आणि त्यांचें म्हणणें विचार करण्यासारखें होतें. खोल पाण्यांत स्फुरद विरघळलेलें असतें. तें पाणी वर आणून दक्षिणेकडील उथळ भागांत सोडलें तर स्फुरदामुळें शेवाळ वाढेल, अशी त्यांची भीति होती. स्फुरदानें पीक जोमानें वाढतें हें आपणांस ठाऊक आहे; शेवाळहि त्यानेंच माजतें. राज्याच्या पर्यावरण खात्यानें २०१३ सालीं परवाना देतांना या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास करण्याची अट विद्यापीठास घातली. तो अभ्यास होऊन असें दिसून आलें कीं, सरोवरांत येणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग ओढ्या-नद्यांच्या पुराबरोबर आसपासच्या मुलुखांतून वाहून येतो, आणि थंडाव्याच्या योजनेचा त्यांतील वांटा अल्प आहे. पुढें २०१७ सालीं या सरोवरांत अपायकारक शेवाळाचा उपद्रव झाला, तेव्हां हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे तें सर्वांच्या ध्यानांत आलें.

या प्रकरणापासून दोन्ही पक्षांस घेण्यासारखा धडा आहे. विद्यापीठासाठीं धडा हा कीं, योजना चांगली असली तरी तिचा परिणाम मोजून शेजाऱ्यांपुढें मांडावा लागतो; 'आम्ही विद्वान, आमच्यावर विश्वास ठेवा' एवढें सांगून भागत नाहीं. शेतकऱ्यांसाठीं धडा त्याहून जवळचा आहे. पुराबरोबर जें स्फुरद जातें त्यांत शेतांतून धुपलेली माती, उघड्यावर पडलेलें शेणखत व वाहून गेलेलें वरखत यांचाहि भाग असतो. स्फुरद मातीच्या कणांस चिकटून राहतें. म्हणून माती गेली कीं विकत घेतलेलें सुपरफॉस्फेटहि तिच्याबरोबर गेलें. बांध नीट ठेवणें व ओढ्याच्या कांठीं गवताचा पट्टा राखणें यानें आपला पैसा वांचतो आणि खालच्या माणसाचें पाणीहि निर्मळ राहतें. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपल्या बांधावरून एकदां चक्कर मारावी, हें यांतील तात्पर्य होय.

जळण, वीज व उष्टें

थंडीप्रमाणेंच ऊब हाहि तेथील मोठा खर्च आहे. फार वर्षें कॉर्नेलच्या इमारती कोळशानें केलेल्या वाफेवर उबदार राहत. २००९ च्या सुमारास तेथें नैसर्गिक वायूवर एकाच वेळीं वीज व वाफ उत्पन्न करणारें नवें केंद्र उभारण्यांत आलें. नुसती वीज केली तर पुष्कळशी उष्णता फुकट जाते. येथें तीच उष्णता वाफेच्या कामीं लावतात. उसाच्या गुऱ्हाळांत चुलाणाची वायां जाणारी धग पुढच्या काहिलीखालीं नेतात, त्यांतलाच हा प्रकार आहे. २०११ सालीं विद्यापीठानें कोळसा जाळणें पूर्णपणें सोडलें. तथापि वायु हेंहि खनिज जळणच होय. यासाठीं भूमीच्या पोटांतील उष्णता घेतां येईल काय, हें पाहण्यास २०२२ सालीं आवारांत सुमारें ३ किलोमीटर खोलीचें भोंक पाडण्यांत आलें. जमिनींत खोल गेल्यास साधारणपणें दर किलोमीटरास २५ ते ३० अंश उष्णता वाढते. एवढ्या खोलीवरील उष्णता पाण्यानें वर आणून इमारतींस द्यावी, अशी ही कल्पना आहे. ही योजना अद्याप प्रयोगाच्या अवस्थेंत आहे. २०३५ सालापर्यंत आपला कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचा विद्यापीठाचा संकल्प आहे. तो पार पडतो कीं नाहीं तें पुढें दिसेलच. विजेचा कांहीं भाग विद्यापीठ सूर्यप्रकाशावर व आवारांतील ओढ्याच्या धबधब्यावरील लहान वीजघरांतूनहि मिळवितें.

आतां कचऱ्याकडे वळूं. भोजनगृहांतील उष्टें व भाज्यांचे देंठ, गोठ्यांतील व तबेल्यांतील अंथरूण, हरितगृहांतील जुनीं झाडें व माती हीं सर्व एकत्र करून तेथील शेतखातें लांब लांब ढिगांत कंपोस्ट करितें. ढीग यंत्रानें वरचेवर परततात, त्यामुळें हवा खेळून आंतील उष्णता ५५ अंशांच्या वर जाते आणि रोगजंतु व तणाचें बीं मरतें. यांत आपणांस नवलाई वाटण्याचें कारण नाहीं. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत आपल्याकडील शेतकऱ्यांच्या शेण व पाचोळ्यावरच ही विद्या शास्त्रशुद्ध केली, आणि इंदूर पद्धति या नांवानें ती जगभर गेली. आपलीच वस्तु परदेशीं जाऊन नांवारूपास आली, आणि आपल्या वसतिगृहांमागें मात्र पाला जळतो, हें पाहून खेद होतो.

आपल्याकडे काय करतां येईल

कॉर्नेलची नक्कल आपणांस करतां यावयाची नाहीं, व करूंहि नये. आपल्याकडील तलावांचें पाणी हिवाळ्यांतहि ४ अंशांपर्यंत उतरत नाहीं. तेव्हां तळाशीं तशी थंडी सांठणार कोठून? घ्यावयाची ती दृष्टि घ्यावी. त्यांच्या जागेनें त्यांस थंड सरोवर दिलें. आपल्या जागेनें आपणांस पावसाळा, ऊन, गोठा व जमीन दिली आहे. महाराष्ट्रांत राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली (१९७२) व परभणी (१९७२) अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत, आणि या चौघांकडेहि जमीन व जनावरें आहेत. इतर विद्यापीठांचीं आवारेंहि लहान नाहींत. त्यांच्यासाठीं तीन साधे हिशेब येथें मांडतों. ते कोणासहि कागदावर पडताळून पाहतां येतील.

पहिला हिशेब पावसाचा. एक हेक्टर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर १ लक्ष लिटर पाणी होतें. वर्षास ५० सेंटिमीटर पाऊस धरला तर ५० लक्ष लिटर. त्यांतील पांचवा हिस्सा वायां गेला असें समजलें तरी ४० लक्ष उरतें. माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरल्यास हें पाणी एक हजार विद्यार्थ्यांस सुमारें एक महिना पुरेल. सर्व वर्षाची गरज यानें भागत नाहीं हें खरें. पण हें पाणी विहिरींत मुरविलें तर उन्हाळ्यांतील एका महिन्याचे टँकर टळतात.

दुसरा हिशेब सांडपाण्याचा. हजार विद्यार्थ्यांनीं वापरलेल्या पाण्यापैकीं रोज सुमारें १ लक्ष लिटर सांडपाणी म्हणून बाहेर पडतें. पिकास रोज ५ मिलिमीटर पाणी लागतें असें धरल्यास, शुद्ध केलेल्या या पाण्यावर सुमारें दोन हेक्टर म्हणजे पांच एकर चारा किंवा झाडें बारमाही भिजतील. कच्च्या खाव्या लागणाऱ्या भाज्यांस मात्र तें देऊं नये. हेंच पाणी तसेंच ओढ्यांत सोडलें तर खालच्या गांवच्या विहिरी बिघडतात.

तिसरा हिशेब गोठ्याचा. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायु मिळतो. शंभर जनावरांचें रोजचें एक हजार किलो शेण धरलें तर ४० घनमीटर वायु होतो. त्याची धग स्वयंपाकाच्या गॅसच्या एका घरगुती सिलिंडराहून थोडी अधिकच भरते. शिवाय राहिलेला शेणकाला खत म्हणून शेतांत जातो, तो वेगळा. सर्व वसतिगृहाची चूल यावर चालणार नाहीं. पण रोजचें एक सिलिंडर वांचलें म्हणजे वर्षाचीं तीनशें पासष्ट वांचलीं.

हे आंकडे कोणास दिपविण्यासारखे नाहींत, आणि तेंच त्यांचें बळ आहे. कॉर्नेलचा नळ कोट्यवधि डॉलरांचा होता. छपराचा पन्हाळ, सांडपाण्याची कुंडी व गोबरगॅसची टांकी यांस तेवढा पैसा लागत नाहीं. लागतें तें रोजचें लक्ष. कुंडी बांधून उद्घाटन होतें, छायाचित्रें निघतात, आणि सहा महिन्यांनीं पंप बंद पडला कीं कोणी विचारीत नाहीं. असें जेथें होतें तेथें दोष यंत्राचा नसून हिशेब न ठेवण्याचा असतो.

आमची सूचना

यासाठीं आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक विद्यापीठानें दर वर्षीं आपल्या आवाराचा एक पानी जमाखर्च प्रसिद्ध करावा. त्यांत पाणी किती घेतलें व किती परत वापरलें, वीज किती विकत घेतली व किती स्वतः केली, शेण, पाला व उष्टें यांपैकीं किती खतांत गेलें व किती जळालें किंवा फेंकलें, एवढीं तीन कलमें असलीं तरी पुरे. पहिल्या वर्षीं आंकडे वाईट निघतील. ते लपवूं नयेत. ज्या शेतकऱ्यानें आपल्या शेताची वही पहिल्यांदा लिहिली, त्याचीहि पहिल्या वर्षीं अशीच निराशा झालेली असते. पण दुसऱ्या वर्षापासून त्याचें पाऊल हिशेबानें पडूं लागतें.

आमच्या सभासदांनींहि यांत आपला वांटा उचलावा. शिवारफेरीस किंवा मेळाव्यास विद्यापीठांत गेलों म्हणजे आपण नव्या वाणाचें बियाणें मागतों, औषधाचें प्रमाण विचारतों. त्याबरोबरच, "येथील वसतिगृहाचें उष्टें कोठें जातें? सांडपाणी कोणत्या शेतास देतां?" हेंहि नम्रपणें विचारावें. विचारणारा आला म्हणजे सांगणाऱ्यास उत्तर तयार ठेवावें लागतें. आणि आपल्या मुलांस पत्र लिहितांना किंवा फोन करितांना, नळ बंद करून निजत जा, एवढें एक वाक्य जोडावें. कारण तें पाणी कोणाच्या तरी बांधावरूनच तेथवर गेलेलें असतें.